कुटुंबाचे कर्ते, झुंबरलाल

झुंबरलाल बसण्याआधी जागेवर फुंकर मारतात. मुंगी दिसली तर ती जाईपर्यंत उभे राहतात. हातात आलेला कुठलाही कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचतात. भेळेचा असेल तर भेळ माझ्या हातावर ओततात आणि कागद वाचतात. पेनात शाई भरताना श्वास रोखून धरतात. सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत, त्यामुळे दुपारी चारपासूनच पश्चिमेकडे संशयाने बघत असतात. कांदा-लसूण खात नाहीत. मी खात असलो की समोर बसून तो कसा लागतो ते बारकाईने विचारतात. कुणी वय विचारलं तर "त्रेचाळीस, सज्ञान" असं सांगतात. पत्ता विचारला तर डावीकडे-उजवीकडे असं सांगत नाहीत. "पूर्वेस पिठाची गिरणी, दक्षिणेस सरकारी रस्ता, यांच्या दरम्यान," असं सांगतात. माणूस हरवतो. किराण्याच्या यादीखाली "येणेप्रमाणे यादी लिहिली असे" असं लिहून सही करतात. किराणावाल्याने एकदा ती यादी जपून ठेवली. त्याला वाटलं, कोर्टाचं काहीतरी आहे.

झुंबरलाल दस्त लिहितात. शेत किंवा घर विकणारा आणि घेणारा त्यांच्याकडे येतात. ते खरेदीखत लिहून देतात, मग कचेरीत त्याची नोंद होते. जळगावच्या कचेरीबाहेर एका कडुलिंबाखाली त्यांची पत्र्याची पेटी असते. वीस वर्षं ते तिथेच बसतात. त्यांना सगळे झुंबरशेठ म्हणतात. शेठ धुळ्याला आहेत, त्यांचे थोरले भाऊ प्रकाशचंद. त्यांचं आग्रा रोडला कापडाचं दुकान आहे. त्या दुकानात झुंबरलालना कधी गल्ल्यावर बसू दिलं नाही आणि कधी काही विचारलं नाही. "तू लिहीत बस," असं सांगितलं. ते जळगावला येऊन लिहीत बसले. लग्न राहून गेलं.

माझी त्यांची ओळख एका अर्जामुळे झाली. मी अमळनेरला मराठी घेऊन बी. ए. झालो आणि जळगावला शाळेत लागलो. खोल्या बदलताना माझं पदवीचं प्रमाणपत्र हरवलं. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करायचं होतं. झुंबरलालनी लिहिलं, "सदरहू इसम देवचंद यादव..."

मी म्हणालो, "इसम नको. चोरी केल्यासारखं वाटतं."

"मास्तर," ते वर न बघता म्हणाले, "कविता तुम्ही लिहा. इसम मी लिहितो."

मग त्यांनी विचारलं, खोल्या इतक्या का बदलता? मी सांगितलं. घरमालक आधी नाव विचारतो, मग गाव, मग आडनाव. आडनाव ऐकलं की त्याला एकदम आठवतं, खोली भाच्याला द्यायची आहे. वर्षभरात मी तीन भाच्यांसाठी खोल्या सोडल्या.

झुंबरलालनी पेन खाली ठेवलं. त्यांचंही तसंच होतं. आडनाव चालायचं. मग विचारायचे, कुटुंब कुठे आहे? कुटुंब नाही म्हटलं की तिथेही भाचा निघायचा.

"भाड्याने देत नाहीत," ते म्हणाले. "विकत देतील. विकताना कोणी भाचा आणत नाही."

हे वाक्य मला फार आवडलं. त्या आवडण्यातच मी सापडलो. माझे वडील, यादव, रेल्वेत गँगमन होते. ते गेल्यावर आलेले फंडाचे पैसे आईने अमळनेरच्या पोस्टात ठेवले होते. आई तिथेच भाड्याच्या एका खोलीत राहत होती. मी तिला पत्र लिहिलं, आपलं घर घेतो, आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तू इकडे ये. तिने पैसे काढून दिले. निम्मे माझे, निम्मे झुंबरलालचे.

पिंप्राळ्याला एक घर मिळालं. धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर, पुढे ओटा. मालक कौतिकनाना. मुलाने सावद्याला केळीचा धंदा काढला होता, तिकडे ते निघाले होते. त्यांनी घर दाखवलं.

"घर बेस शे," नाना म्हणाले. "धाबं मी सोता टाकेल शे. पानी गळत नही. एक कोपराम्हा गळस, पन तठे बाज ठेवानी नही."

आम्ही तो कोपरा पाहिला. नानांनी आम्हांला पाहिलं.

"तुमी दोन्ही एकमेकना कोन शेतस?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मंग घर एक कसं लेतस?"

झुंबरलाल म्हणाले, "ते दस्तात येईल, नाना."

नानांचं समाधान झालं. "मले काय! मी ते सावद्याले चालनू," ते म्हणाले.

खरेदीखत अर्थात झुंबरलालनीच लिहिलं. एकाच बैठकीत, एकही खाडाखोड न करता. साहित्याचा पदवीधर म्हणून मी ते वाचायला घेतलं. नेमकं मधूनच वाचलं. तिथे घराच्या चतुःसीमा होत्या. पूर्वेस सुपडू यांचे घर, पश्चिमेस बाभूळ व पुढे वहिवाटीचा रस्ता. आणि त्याखाली: "येणेप्रमाणे चतुःसीमेच्या आतील जागा, जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह." मी ते दोनदा वाचलं. आपल्या मालकीचं तृण असणार, पाषाण असणार, या विचाराने भारावलो. पहिलं पान वाचायचं राहिलं. सही केली.

दिवाळीनंतर आम्ही राहायला गेलो. पूर्वेची खोली त्यांची, पश्चिमेची माझी. मधल्या स्वयंपाकघरात दोन स्टोव्ह. माझ्या स्टोव्हकडून त्यांच्या स्टोव्हकडे कांद्याचा वास जाऊ नये म्हणून मध्ये एक पत्रा उभा केला होता. तो त्यांनीच हळूहळू सरकवला. वास आवडत असावा.

फेब्रुवारीत नोंदलेला दस्त कचेरीतून परत आला. झुंबरलालनी आंघोळ केली, ओट्यावर फुंकर मारली, बसले आणि मोठ्याने वाचू लागले.

"लिहून घेणार. नंबर एक, झुंबरलाल केसरीमल, वय त्रेचाळीस, धंदा दस्तलेखन, एकत्र कुटुंबाचे कर्ते. नंबर दोन, देवचंद यादव, वय पंचवीस, धंदा शिक्षक, नंबर एक यांचे कनिष्ठ बंधू..."

ते थांबले. मीही थांबलो. मी दाढी करत होतो.

"काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा वाचलं. तेच आलं.

वीस वर्षांत दोन माणसांनी मिळून घर घेतलं तर ती भाऊ-भाऊ असत, बापलेक असत किंवा नवरा-बायको. चौथा प्रकार त्यांच्याकडे कधी आलाच नव्हता. हात सवयीने चालला होता. त्या तिन्हींतून हाताने त्यातल्या त्यात बरं ते निवडलं, एवढंच.

"आपल्या वडिलांची नावं वेगळी आहेत," मी म्हणालो. "आडनावं वेगळी. भाऊ कसे?"

"ते माझ्याही लक्षात आलं नाही," झुंबरलाल म्हणाले. मग घडी घालत म्हणाले, "पण नोंद झालीय."

"म्हणून काय?"

"नोंदलेल्या दस्ताला खोटं म्हणायचं नसतं, देवचंद."

त्यांनी मला पहिल्यांदाच मास्तर म्हटलं नव्हतं.

त्या दिवसापासून ते बदलले. आधी माझ्याशी "तुम्ही"ने बोलत. आता तू झालो. शाळेतून यायला उशीर झाला की ओट्यावर उभे असत. माझ्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा स्वतः चांभाराकडे नेऊन शिवून आणला आणि अंगठ्यावर जोर देऊन चालू नये, असं मला सांगितलं. दूधवाल्याला म्हणाले, "यापुढे आमच्या धाकट्याला विचारायचं नाही, मला विचारायचं." दूधवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. मी कविता लिहितो हे कळल्यावर त्यांनी वही मागवून घेतली, एका रविवारी सगळी वाचली, आणि म्हणाले, "यात कोण कोणाला काय देतंय, ते स्पष्ट होत नाही." शाळेच्या सहलीसाठी मी अजिंठ्याला निघालो तर ते मुख्याध्यापकांना भेटून आले. काय बोलले माहीत नाही. मुख्याध्यापक मला म्हणाले, "मोठे भाऊ फार जपतात हो तुम्हाला." मुख्याध्यापकांनी माझं आडनाव मस्टरवर रोज पाहिलेलं होतं. तरी म्हणाले.

इथपर्यंत मी सहन केलं. खरं सांगायचं तर मला ते वाईट वाटत नव्हतं. पण मग झुंबरलालनी धुळ्याला पोस्टकार्ड टाकलं. ते नियमाने चालणारे. नोंद झाली म्हणजे संबंधितांना कळवलं पाहिजे. त्यांनी लिहिलं: "ती. भाईसाब यांस. कळविण्यास आनंद होतो की आपल्या कुटुंबात एक इसम वाढला असून पिंप्राळे येथील घराचे कर्तेपण आमचेकडे आहे."

मार्चमधल्या एका रविवारी, सकाळच्या धुळ्याच्या एस्टीने प्रकाशचंद आले. काळी टोपी, छत्री. सोबत त्यांच्या आई लाडकुंवरबाई. सत्तरीच्या, बारीक, काठीपेक्षा ताठ. रेल्वेचं फाटक बंद होतं म्हणून दोघं अर्धा तास उन्हात उभी राहून आली होती.

"हा का तो?" प्रकाशचंदांनी ओट्याखालूनच विचारलं.

"हाच," झुंबरलाल म्हणाले. "देवचंद, पाया पड."

मी पाया पडलो. दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

लाडकुंवरबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. "जन्म कुठला?"

"अमळनेरचा."

त्या विचारात पडल्या. "अमळनेरला मी कधी उतरलेच नाही. गाडीतून पाहिलंय फक्त."

"माँ, तुला कोण विचारतंय?" प्रकाशचंद म्हणाले.

"तुझे बापूजी मात्र जायचे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सरकीच्या सौद्याला. चार-चार दिवस."

प्रकाशचंदांनी छत्री मिटली, पुन्हा उघडली.

"आजी," मी घाईने म्हणालो, "माझे वडील रेल्वेत होते. यादव त्यांचं नाव. तोंडावळाही त्यांचाच आहे."

"हां," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "मग बस. पाणी दे."

झुंबरलाल चटकन उठले. त्यांनी तांब्या आणला. लाडकुंवरबाईंनी तो हातात घेतला नाही. माझ्याकडे पाहिलं, मग तांब्याकडे.

"कोणी भरलं?"

"धाकट्याने," झुंबरलाल म्हणाले.

मी भिंतीचा एक पोपडा बघत उभा राहिलो.

"उकळलंय का?"

"तीन उकळ्या," मी म्हणालो. "रोज सकाळी मीच उकळतो. यांना वेळ नसतो."

"झुंबर कच्चं पाणी प्यायचा धुळ्याला," त्या म्हणाल्या. "चोरून. मला माहीत होतं." आणि त्या तांब्याभर पाणी प्यायल्या. प्रकाशचंद प्यायले नाहीत. त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं होतं.

"भाऊ केलास, कर," ते म्हणाले. "कुत्रं पाळतात लोक, तू मास्तर पाळ. पण हा कर्ता कोण?"

"मी," झुंबरलाल म्हणाले.

"मी जिवंत असताना?"

"इथल्या घरापुरता, भाईसाब."

"घरापुरता कर्ता नसतो! एकत्र कुटुंबाला कर्ता एकच. थोरला. तू चाळीस वर्षांत भाजी कोणती आणायची ते ठरवलं नाहीस आणि कर्ता लिहून घेतोस?"

झुंबरलालच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"ऐक," प्रकाशचंद म्हणाले. "चूकदुरुस्तीपत्र कर. भाऊ खोड, कर्ता खोड, नोंद करून आण. आखाजीपर्यंत. नाहीतर मी वकील लावतो. कुटुंबाच्या नावाने घेतलंस ना? मग हे घर कुटुंबाचं. माझा हिस्सा, माँचा हिस्सा. मास्तर ट्रंक घेऊन बाहेर."

आईने तिच्या खोलीच्या मालकाला आखाजीला खोली सोडते म्हणून सांगून टाकलं होतं.

"तसं असेल तर," झुंबरलाल विचार करत म्हणाले, "आपल्या आग्रा रोडच्या दुकानात देवचंदचाही हिस्सा निघतो."

ते धमकी देत नव्हते. कायदा सांगत होते. प्रकाशचंद इतका वेळ उभे होते, ते खाली बसले. फुंकर न मारता.

दुपारी ती दोघं गेली. मी झुंबरलालना म्हणालो, "आजच लिहा."

"आजचा दिवस जाऊ दे. आठ दिवसांत."

आठ दिवस झाले, महिना झाला. त्यांनी सावद्याच्या केळीबागांचे चार दस्त लिहिले, भावाभावांची दोन वाटणीपत्रं लिहिली, एका पानवाल्याचा अर्ज फुकट लिहिला. आमचा कागद राहिला. कौतिकनानांची सही लागेल, ते केळीच्या हंगामात आहेत. शाई पातळ आलीय. आज अमावास्या आहे. शेवटी आखाजीला आठ दिवस उरले तेव्हा मी शाळेत गेलो नाही. पेटी त्यांच्या पुढ्यात आणून ठेवली आणि समोर बसलो.

त्यांनी श्वास रोखून शाई भरली. लिहू लागले. हात नेहमीसारखा झरझर चालला. "...सबब उपरोक्त खरेदीखतात लिहून घेणार नंबर दोन यांचा उल्लेख नंबर एक यांचे कनिष्ठ बंधू असा नजरचुकीने झाला असून वस्तुतः ते नंबर एक यांचे"

हात थांबला.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"मित्र."

"मित्र दस्तात येत नाही, देवचंद. मित्राला हिस्सा नाही, वारसा नाही. मी मेलो तर कचेरीत तुला कोणी आत घेणार नाही. विचारतील, तू कोण?"

"मग लिहा, कोणी नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ते रागाने म्हणालो होतो. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि बराच वेळ पेटीची कडी वाजवत बसले.

आखाजीला दोन दिवस असताना प्रकाशचंदांचं कार्ड आलं. अक्षर घाईचं होतं. "माँ तुझ्याकडून आल्यापासून ऐकत नाही. म्हणते, पाणी उकळून देणारा पोरगा आहे, भाऊ राहू दे. मी दुकानाबद्दल वकिलाला विचारलं आहे. मास्तरने दुकानात हक्क नाही म्हणून लिहून द्यावं, म्हणजे मिटलं. भाऊ राहो. फक्त कर्ता खोड. एवढा एक शब्द. मग घर तुमचं, मी बोलणार नाही."

मी दुकानाचं तिथल्या तिथे लिहून दिलं. मला इतका आनंद झाला की कांदा चिरताना गाणं म्हटलं. एक शब्द! आईचं घर वाचलं.

झुंबरलालनी नवा कागद घेतला. तारीख घातली. नावं घातली. चतुःसीमा घातल्या. "बंधू हा मजकूर कायम" असं ठळक अक्षरात लिहिलं, खाली रेघ मारली. मग लिहिलं: "नंबर एक यांचे नावापुढील ‘एकत्र कुटुंबाचे कर्ते’ या शब्दांऐवजी"

आणि म्हणाले, "सावद्याची गाडी चुकेल," आणि छत्री घेऊन गेले.

आखाजीला माझी आई, लिलाबाई, ट्रंक घेऊन आली. झुंबरलाल फाटकापर्यंत सामोरे गेले, ट्रंक स्वतः उचलली, माझ्या हातात दिली नाही. "घरात थोरला असताना," असं काहीतरी म्हणाले. आईला गळक्या कोपऱ्याच्या चतुःसीमा सांगितल्या. तिने संध्याकाळी, सूर्य मावळण्याआधी, त्यांना बिनकांद्याची डाळ वाढली. दुसऱ्या दिवशी ते तिला विचारू लागले, आज भाजी कोणती आणू? ती म्हणाली, "तुम्ही ठरवा." ते पिशवी घेऊन बाजारात गेले आणि दीड तासाने भोपळा घेऊन आले. इतका वेळ कुठे होतात, मी विचारलं. "ठरवत होतो," ते म्हणाले.

प्रकाशचंदांनी पोळ्यापर्यंत मुदत दिली. मग दसऱ्यापर्यंत. आता त्यांचं कार्ड येतं त्यावर फक्त "कर्ता?" एवढंच असतं. दिवाळीनंतर दावा लावणार, असं धुळ्याहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं.

आईने अजून ट्रंकेची दोरी पूर्ण सोडलेली नाही. लागेल तेवढं लुगडं वरच्या वर ओढून काढते.

"घर आपलं ना रे?" ती मला विचारते.

"अर्धं."

"मग ते लिहीत का नाहीत ते?"

मी झुंबरलालना विचारतो. रोज विचारत नाही आता. विचारलं की ते लगेच उठतात, कागद काढतात, बसण्याआधी फुंकर मारतात. मध्यंतरी सुपडूने शेजारचं घर मेहुण्याला विकलं, तेव्हा त्यांनी पूर्वेची सीमा दुरुस्त केली. परवा तारीख बदलली. साक्षीदारांच्या नावांसाठी खाली दोन रेघा आखल्या, माझ्या सहीची जागा पेन्सिलीने खूण करून ठेवली. कागद आता सगळा भरला आहे. मधली एक ओळ तेवढी अर्ध्यावर आहे, "या शब्दांऐवजी" इथपर्यंत, आणि पुढे एका शब्दापुरती जागा.